पहिल्या तासाची भूक

मागच्या महिन्यात आमच्या नातीचं रक्त तपासलं. ती नववीत आहे, चौदा वर्षांची. दोन-तीन महिने सारखं "आजी, पाय दुखतात गं", "आजी, झोप येते" चाललं होतं. आम्हाला वाटलं, अभ्यासाचा कंटाळा असेल, नाहीतर मोबाइलचं जागरण. मग एक दिवस लिफ्ट बंद होती आणि तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत पोरीला धाप लागली, तेव्हा सूनबाई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. हिमोग्लोबिन आलं ९.४. या वयाच्या मुलीचं निदान १२ हवं.

सूनबाई रिपोर्ट हातात घेऊन सोफ्यावर बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, "आई, आपल्या घरात? आपल्याकडे काय कमी आहे?"

तिचं म्हणणं खरंच होतं. आमच्या फ्रिजचं दार उघडलं तर आतलं काहीतरी बाहेर पडतं, इतका तो भरलेला असतो. चीज आहे, सॉस तीन प्रकारचे आहेत, ज्यूसचे खोके आहेत. डब्यांच्या कपाटात बदाम आहेत, अक्रोड आहेत. कमी काहीच नाही. पण डॉक्टरीणबाईंनी नातीला एकच प्रश्न विचारला होता, "सकाळी काय खाऊन जातेस?" त्यावर नात म्हणाली, "चहा." "आणि?" "बिस्किट. कधी कधी."

व्हॅन पावणेसातला येते. मधली सुट्टी साडेनऊला. त्या सुट्टीत मैत्रिणींशी बोलायचं असतं, म्हणून डबा अर्धाच संपतो. उरलेला अर्धा दुपारी घरी येतो आणि ओट्यावर पडून राहतो. म्हणजे आदल्या रात्री नऊपासून दुसऱ्या दिवशी दोनपर्यंत या वाढत्या पोरीच्या पोटात जे जातं, ते चहा, दोन बिस्किटं आणि पोळीचे चार घास. हे आमच्या नाकासमोर वर्षभर चाललं होतं. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, घरात मीच सगळ्यात मोठी, आणि मला दिसलं नाही.

दिसलं नाही म्हणते, पण असं एकदा आधीही झालं होतं. ते आज लिहिणार आहे. इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

१९७८ साल असेल. मी तेव्हा माणदेशातल्या एका गावी हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवत होते. नोकरीला तीनच वर्षं झाली होती. शाळा अकरा ते पाच. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून पोरं दोन-दोन, तीन-तीन मैल चालत यायची. आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं, पण इतिहासाच्या तासाला पेंगायची. दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा मला राग आला. (नवीन शिक्षकाला राग लवकर येतो, आपला अपमान झाला असं वाटतं.) मी म्हटलं, "रात्री काय राखणीला जातेस का? बाकावर उभी राहा." पोरं हसली. ती बाकावर उभी राहिली. पाच मिनिटं गेली असतील नसतील, आणि ती सरळ खाली कोसळली. बाकाची कड लागून भुवईवर खोक पडली.

आमचे शिपाईमामा धावत आले. त्यांनी तिला पाणी पाजलं, आपल्या खिशातला गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, पोरगी उपाशी हाय. ह्या समद्या अशाच येत्यात."

मग कळलं. आदल्या दिवशी दुपारी तिनं भाकरी खाल्ली होती. रात्री घरात पुरुष जेवले, धाकटे भाऊ जेवले, हिच्या आणि हिच्या आईच्या वाट्याला कालवणाचं पाणी उरलं. सकाळी कोरा चहा. चहानं भूक मरते, म्हणून चहा. त्यावर ती तीन मैल चालून आली होती आणि मी तिला शिवाजी महाराजांच्या स्वारीची तारीख विचारत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी शिक्षकखोलीत गूळ-शेंगदाण्याचा एक डबा ठेवला. निवृत्त होईपर्यंत तो डबा होता. लोक त्याचं कौतुक करायचे, निरोपसमारंभातही कुणीतरी भाषणात त्याचा उल्लेख केला. तो डबा कशाची भरपाई होता, ते मला आणि शिपाईमामांनाच माहीत. ती मुलगी आठवीनंतर शाळेत आली नाही. लग्न झालं तिचं.

असो. मुद्दा असा, की एक पोरगी घरात काही नाही म्हणून चहावर शाळेत यायची आणि दुसरी पोरगी घरात सगळं आहे तरी चहावर शाळेत जाते. मधे जवळजवळ पन्नास वर्षं गेली. दोघींच्या रक्ताला मात्र फरक कळला नाही.

आता थोडं चहाबद्दल. मी स्वतः दिवसाला तीन कप पिते, तेव्हा चहाला शिव्या देण्याचा मला अधिकार नाही. पण वाढत्या मुलाच्या हातात सकाळचं जेवण म्हणून चहाचा कप देणं, ही आपल्या महाराष्ट्रातल्या घराघरातली चूक आहे आणि तिला कोणी चूक म्हणतच नाही. चहा-खारी, चहा-बटर, चहा-टोस्ट, चहा-चपाती. गरिबाघरी तेच आणि बंगल्यातही तेच. चहात साखर असते, तिनं तात्पुरती तरतरी येते, भूक दबते. आणि चहातले तुरट पदार्थ अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात, ते रक्तात जाऊ देत नाहीत. भाजी, डाळ, बाजरी यांच्यातलं लोह मुळातच शरीराला जरा कष्टानं मिळतं. त्यावर चहा ओतला की तेही गेलं. याच्या उलट, लिंबू, आवळा, पेरू यांच्यासारखं काही आंबट बरोबर असलं, त्यातलं क जीवनसत्त्व मिळालं, की तेच लोह चांगलं शोषलं जातं. पोह्यांवर लिंबू पिळायचं, डाळीत आमसूल टाकायचं, हे आपल्या आज्यांना कुणी प्रयोगशाळेत शिकवलं नव्हतं. आणि आपण काय करतो? पोह्यांवर लिंबू पिळतो आणि शेजारी चहाचा कप ठेवतो. एका हातानं द्यायचं, दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं. निदान तासाभराचं अंतर ठेवलं तरी पुष्कळ.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये रोजच्या गरजांचे तक्ते नव्यानं काढले. त्यांत मला एका आकड्यानं थांबवलं. मोठ्या माणसाला, म्हणजे पुरुषाला, दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह पुरतं. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला लागतं ३०. म्हणजे घरात ज्याला आपण पहिलं ताट वाढतो त्याच्यापेक्षा, जी सगळ्यांना वाढून शेवटी बसते तिला दीडपटीहून जास्त लोह लागतं. पाळी सुरू झालेली असते, उंची वाढत असते, रक्ताचं प्रमाण वाढत असतं. आणि नेमक्या याच वयात आपण तिला म्हणतो, "फार खाऊ नकोस, जाड होशील." हल्ली तर ती स्वतःच स्वतःला म्हणते.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. मी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. १९७२ च्या दुष्काळात, माझं बी.ए. झालं त्याच वर्षी, रस्त्याच्या आणि तलावाच्या कामांवर सुकडी वाटलेली मी पाहिली आहे. परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाऊन माणसं जगली. पुढे १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या आल्या. मग १९९५ साली १५ ऑगस्टपासून शाळेतल्या मुलांना तांदूळ मिळायला लागला. महिन्याला तीन किलो, हजेरी ऐंशी टक्के असेल तर. तो तांदूळ घरी जायचा आणि घरात जितकी तोंडं तितक्या वाट्यांनी संपायचा. पोराच्या पोटात किती गेला ते देव जाणे. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कोरडं धान्य नको, शाळेत शिजवलेलं जेवण द्या. त्यानंतर आमच्याकडे चुली पेटल्या आणि खिचडी आली.

खिचडीची टिंगल खूप झाली. "शिक्षक शिकवायचं सोडून तांदूळ मोजतात" हे मीही शिक्षकखोलीत म्हटलं आहे. हिशेबाच्या वह्यांनी आम्ही खरोखरच वैतागलो होतो. पण त्या खिचडीनं जे केलं ते मी वर्गात पाहिलं. सोमवारची हजेरी वाढली. दुपारनंतरच्या तासाला पोरं जागी राहायला लागली. आणि सगळ्या जातींची पोरं एका ओळीत बसून एका पातेल्यातलं खायला लागली. ते काही इतिहासाच्या पुस्तकातून शिकवून झालं नसतं.

पण एक गोष्ट तेव्हा मनाला लागायची. हायस्कुलात आमच्याकडे पाचवीपासूनचे वर्ग. योजना होती पाचवीपर्यंत. म्हणजे पाचवीची पोरं ताटल्या घेऊन बसायची आणि सहावीची पोरं व्हरांड्यातून बघायची. मागच्या वर्षी जो ओळीत बसून खात होता, तो यंदा एक इयत्ता वर गेला म्हणून उपाशी. पास झाल्याची शिक्षाच म्हणायची ती.

आमच्याकडे खिचडी शिजवायला बचत गटातल्या दोन बाया यायच्या. त्यातल्या एकीच्या भुवईवर जुना व्रण होता. मी ओळखलं. तिनं तर पहिल्या दिवशीच ओळखलं असणार. तिच्या माहेरच्या वाडीत ती परत आली होती, नवरा राहिला नव्हता, दोन मुलं पदरात. आम्ही दोघी त्या विषयावर कधी बोललो नाही. पण ती पातेल्याच्या तळाशी रोज थोडी खिचडी राखायची आणि पाचवीची पोरं उठली की व्हरांड्यातल्या सहावीच्या पोरांना हाक मारायची. एक दिवस मुख्याध्यापकांनी पाहिलं, हिशेबात बसत नाही म्हणून रागावले. मी मधे पडले, ताटलीत उरलेलं आहे, टाकून द्यायचं का, असं काहीतरी बोलले. नंतर ती मला म्हणाली, "बाई, उपाशी पोराला शिकलेलं कळतंय व्हय?"

तिनं मला टोमणा मारला नव्हता. ती आपलं साधं बोलली. पण मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही.

२००८ साली योजना आठवीपर्यंत आली आणि व्हरांड्यातलं ते बघणं थांबलं. आज तिला पंतप्रधान पोषण योजना म्हणतात. पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, मोठ्या मुलांच्या जेवणात ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असावीत असा नियम आहे. पण आठवी संपली की संपलं. नववी-दहावीला काही नाही. म्हणजे जी वर्षं मुलांच्या उंचीची, हाडांची, मुलींच्या रक्ताची, नेमकी त्या वर्षांच्या तोंडावर आपण पातेलं उचलतो. व्हरांडा तसाच आहे. आता तिथे नववीची पोरं उभी असतात एवढंच.

हे होऊ शकत नाही असं नाही. शेजारच्या कर्नाटकात दहावीपर्यंत शाळेत जेवण मिळतं. तामिळनाडूत कामराजांनी पन्नासच्या दशकात शाळेतल्या जेवणाला हात घातला, १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी ते मोठ्या प्रमाणावर केलं, आणि तिथे दहावीपर्यंतच्या मुलांना जेवणात अंडंही मिळतं. २०२२ च्या सप्टेंबरपासून तर त्यांनी सरकारी प्राथमिक शाळांमधून सकाळची न्याहारी सुरू केली, आधी थोड्या शाळांत, मग २०२३ मध्ये सगळीकडे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही लिहिलेलं आहे, की सकाळी पोटात काही गेलं तर मुलं पहिल्या तासांत जास्त चांगलं शिकतात, म्हणून जेवणाबरोबर न्याहारीचाही विचार व्हावा. आमच्या शिपाईमामांना हे १९७८ साली माहीत होतं, पण धोरण लिहायला त्यांना कोणी बोलावलं नाही!

आता अंड्याविषयी. या विषयावर घरातच दोन तट आहेत, त्यामुळे सांभाळून लिहायला हवं. तरी लिहिते.

मी अंडं खात नाही. लहानपणापासून घरात नव्हतं, आता या वयात इच्छाही नाही. माझ्या ओट्यावर आजही अंडं फुटत नाही, मुलगा-सून बाहेर खातात. पण माझ्या न खाण्याचा दुसऱ्याच्या पोराच्या ताटाशी काय संबंध? एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं असतात. त्याला सोलायची गरज, पण मोजायची नाही. डाळ पातळ करता येते, दुधात पाणी घालता येतं, खिचडीत भाजी आहे की नाही हे चष्मा लावून शोधावं लागतं. अंड्यात भेसळ करता येत नाही. पोराच्या हातात अंडं पडलं म्हणजे अंडंच पडलं. शाळेतल्या हिशेबाचा अनुभव असलेली बाई म्हणून सांगते, हा गुण फार मोठा आहे.

आपल्या राज्यात २०२३ च्या नोव्हेंबरात निर्णय झाला, की आठवड्यातून एकदा मुलांना अंडं द्यायचं आणि जे खात नाहीत त्यांना केळं. किती साधी, सगळ्यांचा मान राखणारी गोष्ट! ज्याला हवं त्यानं अंडं घ्यावं, ज्याला नको त्यानं केळं. त्यावरही वाद झाला. आणि २०२५ च्या जानेवारीत अंड्यासाठी वेगळा निधी देणं राज्यानं बंद केलं. द्यायचं असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावं, असं सांगितलं. लोकसहभाग ही चांगली गोष्ट आहे, मी चाळीस वर्षं पावतीपुस्तकं घेऊन हिंडले आहे. पण लोकसहभाग मिळतो तो बऱ्या गावात. ज्या वस्तीवरच्या पोराला अंड्याची सगळ्यात जास्त गरज, तिथल्या लोकांकडे सहभाग द्यायला काय आहे? आठवड्याला एक अंडं ही चैन नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांप्रमाणे महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांमागे ३५ मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली आहे. बिहार-झारखंडचे आकडे वाचून आपण हळहळतो, हे आपल्या घरचे आहेत. ही मुलं उद्या पहिलीत येणार, परवा नववीत.

गंमत म्हणजे त्याच पाहणीत जास्त वजनाच्या लहान मुलांचं प्रमाणही वाढलेलं दिसतं. एकीकडे खुंटलेली, दुसरीकडे फुगलेली, आणि दोन्हीकडे रक्त कमी. अन्न कमी असणं ही एक उपासमार आणि पोट भरूनही अंगी काही न लागणं ही दुसरी.

ही दुसरी उपासमार आपण पैसे देऊन विकत आणतो. दुधात घालायच्या पावडरी घ्या. उंची वाढते, बुद्धी वाढते, असं टीव्हीवर सांगतात. त्यात साखर किती, हे डब्याच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवलं, की बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात दाखवू नका, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात हेल्थ ड्रिंक नावाची काही चीजच नाही. २०२५ मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. फलक लावावेत, चांगलंच आहे. पण फलकाखालून जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात वाढदिवसाचं चॉकलेट असतं आणि शाळेच्या फाटकाबाहेर रंगीत पाकिटांच्या माळा लटकत असतात. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत असले पदार्थ विकू नयेत असा २०२० चा नियम आहे. तुमच्या मुलांच्या शाळेबाहेर एकदा पावलं मोजून बघा.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते. सूनबाई रडली तेव्हा ती स्वतःला दोष देत होती. मुलगा मात्र गप्प बसून रिपोर्ट वाचत होता, जणू बँकेचं पत्र. मग म्हणाला, "तू लक्ष द्यायला हवं होतंस." मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, "ती साडेपाचला उठून दोन डबे भरते आणि आठला ऑफिसला निघते. तू सात वाजता उठतोस. पोरगी पावणेसातला जाते. म्हणजे तुझी मुलगी सकाळी काय खाऊन जाते हे तू आजवर एकदाही पाहिलेलं नाहीस." (मुलगा हे वाचतो. वाचू दे.) पोराचं पोषण म्हटलं की सगळी बोटं आईकडे. सरकारी पत्रकांतही चित्र आईचंच असतं. १९७८ च्या त्या मुलीच्या आईनं काय करायचं होतं? तिच्या स्वतःच्याच ताटात काही नव्हतं. मुलाचं ताट हे सगळ्या घराचं काम आहे आणि घराला जमत नसेल तिथे गावाचं आणि सरकारचं.

शाळेच्या वेळांचंही तसंच. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. मुलांची झोप होत नाही म्हणून. मग नववीच्या मुलांना झोप आणि भूक नसते का? पहाटे सहाला चौदा वर्षांच्या पोरीच्या घशाखाली थालीपीठ उतरत नाही, हे मी आता रोज बघते आहे.

तर आम्ही काय केलं ते सांगते, म्हणजे नुसता उपदेश नको. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, त्या चालू आहेत. जेवणानं सगळं भरून येतं हा माझा भ्रम त्यांनीच घालवला. खड्डा पडला असेल तर आधी औषधानं भरायचा आणि मग जेवणानं राखायचा. बीट आणि डाळिंब खाऊन रक्त वाढतं, हेही त्यांनी हसून खोडलं. लाल रंगाचं म्हणून रक्त होत नाही. गूळसुद्धा शेवटी गोडच, तोही मोजूनच. माझ्या त्या शिक्षकखोलीतल्या डब्यात खरं काम शेंगदाणे करत होते, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

सकाळचा चहा बंद. नातीनं चार दिवस तोंड फुगवलं, पाचव्या दिवशी विसरली. उठल्या उठल्या खाणं जात नाही, म्हणून पहाटे फक्त दूध आणि मूठभर शेंगदाणे किंवा एक पोळीचा लाडू. डबे दोन. साडेनऊचा खरा डबा, आणि एक छोटी डबी जी व्हॅनमध्ये उघडायची. छोट्या डबीत कधी मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ, लिंबू पिळून. कधी भाजणीच्या थालीपिठाचे तुकडे. ज्वारी, बाजरी, हरभरा, उडीद एकत्र भाजून दळायचे म्हणजे धान्यात जे कमी ते डाळीनं भरून काढायचं आणि डाळीत कमी ते धान्यानं, ही आपली भाजणी म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचं शहाणपण आहे. रविवारी नाचणीची आंबील. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तितक्या दुधात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. माळ्यावरची लोखंडी कढई खाली काढली, पालेभाजी आता तिच्यातच होते. आणि छोटी डबी भरायचं काम मुलाकडे दिलं. पहिल्या दिवशी त्यानं मटकीत मीठच घातलं नाही. नात म्हणाली, "बाबा, छान झालीय." पोरी किती समजूतदार असतात, आणि तेच आपण गृहीत धरतो.

आणि ती आता बाहेर अंडं खाते. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे, मीच सांगितलं. शेजारच्या काकूंकडे उकडलेलं तयार असतं, शाळेतून येताना खाऊन येते. माझ्या ओट्याचा नियम मोडला नाही आणि तिचंही अडलं नाही. केळं आणि अंडं एकाच ओळीत बसू शकतात, शाळेतही आणि घरातही.

माझं मागणं फार नाही. शाळेतलं जेवण दहावीपर्यंत न्या. आठवड्याचं अंडं किंवा केळं सरकारनं स्वतःच्या पैशानं परत सुरू करावं. जमेल तिथे सकाळी आल्याबरोबर मुलांच्या हातात काहीतरी पडावं, मूठभर शेंगदाणे-फुटाणे का होईनात. आणि जे अजून शिकवतात त्यांना एवढंच सांगणं, की पहिल्या तासाला एखादं पोर पेंगत असेल तर तारीख विचारायच्या आधी, काय खाऊन आलास, असं विचारा. एकटं बाजूला घेऊन विचारा, सगळ्यांसमोर नको.

पुढच्या आठवड्यात नातीचं रक्त परत तपासायचं आहे. काल सकाळी व्हॅनच्या खिडकीत ती दिसली. छोटी डबी उघडून शेजारच्या मुलीला काहीतरी देत होती. ती शेजारची मुलगीही चहावरच येत असणार.

आता डबी जरा मोठी घ्यावी म्हणते.